गाठीइतका हौदा

कुंडीमावशींची उंची चार फूट दहा इंच, आणि त्यांच्या पिकअपचा हौदा थेट त्यांच्या छातीशी येई. बावीस वर्षं याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण नवरा सहा फुटी होता. गल्ली त्यांना शिडीकाका म्हणे. मावशी झाडं वाढवायच्या, काका कुंड्या उचलायचे. सभागृहांना, कार्यालयांना, दवाखान्यांना झाडं भाड्याने पोचवायची आणि काम झालं की परत आणायची, हा त्यांचा धंदा. शेवटची कुंडी उतरली की काका मावशींना कमरेला धरून अलगद उचलत आणि हौद्याच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसवत. मग शेजारी टेकून थर्मासातला चहा. मावशींचे पाय हवेत लोंबत आणि चहा संपेपर्यंत हलत राहत. येणारे-जाणारे हसत. मावशी त्यांना खुशाल हसू देत.

मग काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पाण्याच्या अर्ध्या बादलीपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही, कायमचं. घरी आल्यावर काकांनी मावशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटी म्हणाले, "अगं, तुझं वजन किती?"

"अर्ध्या बादलीत मावणार नाही मी," मावशी म्हणाल्या आणि तोंड फिरवून उगाच भांडी आवरायला लागल्या.

हमाल ठेवून पाहिले. पहिल्याने तीन कुंड्या फोडल्या, दुसरा जेवायला म्हणून गेला तो गेलाच. तेव्हा लेकीने मनावर घेतलं. ती एका कार्यालयात कामाला, आणि कामं हातावेगळी करण्याची तिला भारी घाई. तिने गाडीसाठी पाण्याचे जार पोचवणारं एक गिऱ्हाईक गाठलं.

"आई, रविवारी तो गाडी बघायला येतोय. तुम्ही दोघं आता घरापुढे बसून छोटी रोपं विका."

रोपं विकण्यात मावशींना कमीपणा वाटत नव्हता. पण गाडी गेली की सकाळी दोघांनी एकत्र बाहेर पडणं गेलं, आणि ते गेलं तर मग आपल्याकडे राहिलं काय, हे त्यांना कळेना. त्या म्हणाल्या, "रविवारी मी एकटीने दहा मोठ्या कुंड्या चढवून दाखवते. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर किल्ली तूच दे त्याला."

लेक हसली. तिला वाटलं, आईचा हट्ट रविवारी आपोआप सुटेल.

सोमवारी मावशी काकांना घेऊन पाटेवाल्या मिस्त्रींच्या गॅरेजवर हजर. गाडीखालच्या स्प्रिंगांचे पोलादी पाटे घडवण्यात मिस्त्रींचा जन्म गेलेला. मावशींनी पोटाखाली बांधलेल्या एप्रनच्या गाठीवर बोट ठेवलं. "इथपर्यंत कुंडी मांडीच्या जोरावर येते. त्याच्या वर नाही. हौदा इथे आणा."

मिस्त्रींनी सुतळी घेतली, जमिनीपासून एप्रनच्या गाठीपर्यंत मापली, तिथे तिलाही एक गाठ मारली आणि हौद्याला लावून पाहिली. चांगला वीतभर फरक होता.

"दोन रस्ते आहेत, मावशी. एकतर पाटे काढायचे. तासाभराचं काम. पण वजन पेलणार नाही. नाहीतर..."

"तासाभराचं करा."

"पुढचं ऐका तरी."

"ऐकलं. काढा पाटे."

मावशींचा स्वभावच असा. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचा निर्णय होऊन जुना झालेला असायचा. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले. गाडी खाली बसली. गॅरेजमध्ये पडलेल्या आठ कोरड्या कुंड्या ठेवून पाहिल्या, तर चाकावर दोन बोटं जागा उरली. मावशी विजयी चेहऱ्याने घरी आल्या.

बुधवारी एका दवाखान्यात झाडं पोचवायची वर्दी होती. शेजाऱ्याला हाताशी घेऊन आठ कुंड्या चढवल्या आणि निघण्याआधी मावशींनी नेहमीप्रमाणे हौद्यातच नळी धरून सगळ्या झाडांना पोटभर पाणी पाजलं. झाड तहानलेलं पाहुण्यांपुढे न्यायचं नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. गाडी चौकात पोचली आणि मागून रबर जळाल्याचा वास सुटला. मागची चाकं मडगार्डला घासत होती. पाठीमागे हॉर्नचा कल्लोळ. ज्या झाडांना आवडीने पाणी पाजलं, त्यांनीच मावशींना भर रस्त्यात खाली बसवलं होतं.

बाजूच्या सीटवरून काका हळूच म्हणाले, "मिस्त्री काहीतरी 'नाहीतर' म्हणत होते ना?"

मावशींनी गाडी रांगत रांगत गॅरेजकडेच नेली.

"कोरड्या कुंड्यांवर पाहिलं, चूक माझीही आहे," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही झाडांना आंघोळ घालून नेता, हे मला काय ठाऊक. आता वाक्य पुरं करू?"

"करा," मावशी म्हणाल्या. एवढ्या नम्रपणे त्या लग्नातही बोलल्या नव्हत्या, असं काका पुढे कित्येक दिवस सांगत होते.

दुसरा रस्ता असा होता. पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसलेले होते. काढलेलेही परत घालून तेच अ‍ॅक्सलच्या खालून बांधले की हौदा आपसूक खाली येतो, आणि पाटा एकही कमी होत नाही. भंगारातल्या लोखंडाच्या नव्या बैठका, लांब क्लॅम्प आणि तीन दिवस, एवढाच खर्च. शनिवारी दुपारी हौद्यात ओल्या कुंड्या ठेवून सुतळी लावली. सुतळीची गाठ फाळक्याच्या काठाला टेकली. चाकं मोकळी होती.

रविवारी जारवाला वेळेच्या आधीच आला. लेक दारात उभी. मावशींनी एप्रन आवळला, पहिली कुंडी मांडीवर घेतली, गाठीपर्यंत आणली आणि फाळक्यावर सरकवली. मग दुसरी. सहावीला धाप लागली, तरी त्या कोणाला जवळ येऊ देईनात. काका अंगणात मुठी आवळून उभे होते, जणू प्रत्येक कुंडी तेच उचलत होते. दहावी सरकली तशी लेकीने हातातली किल्ली आईच्या एप्रनच्या खिशात टाकली आणि तिचा घाम पुसला.

जारवाला मात्र वाकून वाकून गाडीखाली बघत होता. "अहो, असाच हौदा मला हवा होता. ठरल्यापेक्षा जास्त देतो."

"गाडी नाही, मिस्त्रींचा पत्ता देते," मावशी म्हणाल्या. "पण त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या."

सगळे पांगल्यावर काकांनी थर्मास आणला. सवयीने त्यांचे हात मावशींच्या कमरेकडे गेले आणि मधेच थांबले. खाली घ्यावेत की नाही, ते त्यांना कळेना.

"ठेवा की," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरांनी उचलायला मनाई केलीय. नुसते ठेवायला नाही."

काकांनी हात ठेवले. मावशींनी फाळक्यावर तळवे टेकवले, एक उडी मारली आणि वर बसल्या. चहा ओतून होईपर्यंत त्यांचे पाय हलायला लागले होते.