हत्तिणीने ओळखलेला आवाज

सर्कशीतून सोडवलेल्या म्हाताऱ्या हत्तींना जिथे सांभाळतात, तिथे मी गेल्या उन्हाळ्यात फ्रँकफर्टहून अर्ध्या दिवसाच्या सहलीला गेले होते. आम्ही आठजण होतो. त्यांतले सत्तरीचे एक जर्मन गृहस्थ टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे चालत होते आणि कुणाशीच बोलत नव्हते.

कुंपणापलीकडे एक हत्तीण गवत खात होती. तिला नीट पाहता यावं म्हणून मी त्या गृहस्थांना वाट करून दिली, तेव्हा ते हळूच “डांके”, म्हणजे धन्यवाद, म्हणाले.

हत्तिणीच्या सोंडेतलं गवत गळून पडलं. तिने पुढचा एक पाय उचलला, सोंड कपाळाला लावली आणि तशीच थरथरत उभी राहिली. आमच्यातलं कुणीतरी कौतुकाने हसलं. त्या गृहस्थांनी मात्र तोंडावर हात दाबून धरला, आणि तिचा पाय खाली येईपर्यंत काढला नाही.

परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. खिडकीकडे बघत म्हणाले, “हा सलाम मीच तिला शिकवला. अंकुश टोचून. ती विसरली असती, तर बरं वाटलं असतं.”