पहिल्याच फेरीत हल्ला

ते कचेरीतले बाबू आणि मी मास्तर. आम्ही दोघंही तिगावचे. संध्याकाळची गाडी येईपर्यंत पांढुर्णा स्टेशनच्या बाकावर त्यांच्या मोबाइलवर आम्ही लढाईचा खेळ खेळायचो, आळीपाळीने एकेक चाल. मी आधी शेती करायचो, मग कोठार, मग भिंत. भिंत अर्धी होते न होते, तोच त्यांचे घोडेस्वार माझ्या गावात शिरलेले असायचे.

"समोरचा भिंत बांधून राह्यला असते ना मास्तर, तवाच घुसाचं," असं म्हणत ते चष्मा कपाळावर सारायचे. तिगावला गाडी पुरती थांबायच्या आत उतरायचे, कारण घरी बायको जेवायची थांबलेली असायची.

बायको वारल्यावर महिनाभराने ते पुन्हा बाकावर आले. त्या दिवशी माझी भिंत पूर्ण झाली, तरी घोडेस्वार आले नाहीत. ते आपली शेतंच वाढवत बसले.

"आज हल्ला नाही का?" मी विचारलं.

"डाव लवकर संपते मंग," ते म्हणाले. "घरी जाऊन करू काय?"

गाडी आली. ते उठले नाहीत, म्हणून मीही बसून राहिलो. माझी पाळी होती. त्यांच्या गावाला भिंत नव्हती आणि माझं सैन्य तयार होतं. मी आणखी एक शेत पेरलं.