कबऱ्याच्या उजवीकडची जागा

हल्ली आमच्या मंडळीत शहरातून वक्ते येतात आणि बाहेरच्या लोकांशी ख्रिस्ती माणसानं कसं वागावं यावर तासभर बोलतात. बाहेरचे म्हणजे जे आपल्या विश्वासाचे नाहीत ते. मी चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसून ऐकते आणि माझं डोकं तापतं. कुणी म्हणतं, त्यांच्यात मिसळू नका. कुणी म्हणतं, मिसळा, पण त्यांना इकडं ओढून आणायला. अहो, शेजारी म्हणजे काय विहिरीत पडलेली बादली आहे, गळ टाकून ओढायला? नुसतं शेजारी म्हणून राहा, असं कुणी सांगत नाही.

मी जे काही शिकले ते दोन बैलांपायी. आमचं गाव नांदूरघाटच्या बाजूचं, जमीन हलकी, सगळी कोरडवाहू. सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्याकडं एकच बैल होता. एका बैलावर शेती होत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या एका बैलाशी जुपायचा आणि दोन्ही घरांची रानं आळीपाळीनं करायची, ही आमच्याकडची सावड. पण किरिस्तावाच्या बैलाशी जोड करायला गावात कुणी तयार होईना. आधीच आम्ही गावकुसाबाहेरचे, त्यात धर्म बदललेला.

जोड केली ती बांधाला बांध असलेल्या आबांनी. तेव्हा ते ऐन तरणे होते. भावकीनं त्यांना पारावर बसवून चांगलं फैलावर घेतलं, कावून त्यांच्यासंग बैल जुपतोस म्हणून. आबा म्हणाले, “बैलाला इचारलं, त्यो हो म्हनला.” भावकीतले काही जण त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. आबांनी सावड मोडली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा बैल बदलले होते, सावड तीच होती. पुढं आमचा कबरा आला आणि त्यांचा तांबडा. कबरा कायम डाव्या अंगाला, तांबडा उजव्या. पोळ्याला ही जोडी आबांच्या दारात जायची. आबांची मालकीण, आमची आक्का, दोघांच्या खुरांवर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची, ओवाळायची, पुरणपोळी भरवायची. मी दावं धरून शेजारी उभी राहायची. हात जोडायची नाही, आणि आक्कानं कधी जोडायला सांगितलं नाही. आमच्या घरासाठीच्या पोळ्या ती वेगळ्या काढून ठेवायची आणि देताना म्हणायची, ह्या देवाला दावलेल्या न्हाईत, बिनघोर खा. माझा विश्वास इतका नीट सांभाळणारी बाई मी मंडळीतसुद्धा पाहिली नाही.

मग तो दुष्काळ आला. पिकं गेली, कडबा संपला, साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं. सोसायटीनं माळावर चारा छावणी घातली आणि सगळ्या गावाची जनावरं तिथं गेली. कबरा आणि तांबडा एकाच दावणीला होते. छावणीत मिळायचं उसाचं वाढं, म्हणजे नुसते शेंडे. ते खाऊन खाऊन तांबड्याचं पोट फुगलं आणि पोळा तोंडावर आला असताना तो गेला. आबा त्याच्या अंगावर घोंगडी टाकून शेजारीच बसून राहिले. कबरा तीन दिवस वैरणीला तोंड लावेना.

त्याच सुमारास आमच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आलेले. तरुण, शिकलेले, मनानं वाईट नव्हे. पण एखाद्याला नवी वहाण चावावी तसं आमचं गाव त्यांना चावत होतं. त्यांनी मंडळीच्या पंचांसमोर आमच्या मालकांना सांगितलं की तुमचा बैल पोळ्याला पूजेच्या दारात गेला, तर तुमच्या मुलीचं लग्न चर्चमध्ये लागणार नाही. पोरीचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं, सासर आष्टीकडचं, तीही आमच्याच विश्वासाची माणसं. चर्चनं दार लावलं तर सोयरीक टिकते की मोडते, कोण सांगणार? मालक घाबरले आणि हो म्हणून आले. परस्पर आबांनाही सांगून आले की औंदा कबरा येणार नाही. आबा एवढंच म्हणाले म्हणे, पोरीचं लगीन हाय, तुमचं बराबर हाय.

मला लई राग आला, पण पोरीकडं पाहून मी गप बसले. आईचं तोंड असं बांधता येतं हे त्या पाळकसाहेबांना बरोबर ठाऊक होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी विस्तव मागायला आक्काकडं गेले. आक्का ओसरीत माती मळत बसली होती. टँकरचं पाणी, घागरभर मिळालं तर नशीब, त्यातलं तांब्याभर तिनं मातीत घातलं होतं. घरात बैल नसला की मातीचे करून पुजतात, त्यात नवल नाही. तिनं दोन बैल केले होते. एकाला गेरू फासला होता आणि दुसऱ्याच्या अंगावर चुन्याचे ठिपके देत होती. तो माझा कबरा होता. एक वशिंडाजवळचा ठिपका राहिला होता, तोही तिनं आठवून दिला. विस्तव न घेताच मी घरी आले.

घरी येऊन मी पाणी तापवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकून तुपानं चोळतात. तूप कुठलं, करडईचं तेल होतं तेच घेतलं. सोसायटीनं सणापुरती जनावरं घरी न्यायला मुभा दिली होती, त्यामुळं कबरा दारातच होता. मी खांदा चोळत होते तेवढ्यात पाळकसाहेबांची फटफटी आली.

त्यांनी पाहिलं आणि ओळखलं. शांतपणे म्हणाले, “बाई, मी रागानं बोलत नाही. मला मंडळी सांभाळायची आहे. उद्या हा त्या दारात गेला, तर लग्न चर्चमध्ये लागणार नाही.”

मी हात पुसले नाहीत. तेलाच्या हातांनीच उभी राहिले. “साहेब, ह्या बैलाला बाप्तिस्मा कुणी दिलता का? कुंकू त्याच्या कपाळाला लागतं, माझ्या न्हाई. आमच्या बैलाला गावात जोड मिळंना, तवा त्या घरानं दिली. आज त्यांची दावण रिकामी हाय. तिथं माझा बैल हुबा ऱ्हायला म्हनून प्रभू रुसत असंल, तर मला त्यालाच इचारू द्या. मधी तुमी कावून?”

मालक उंबऱ्यात खाली मान घालून बसले होते. पण लग्न त्यांचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं. मी पोरीकडं वळले आणि तिला सरळ विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. तिनं कबऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “आई, झूल पेटीतून काढू का?”

पाळकसाहेब चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी कबऱ्याला मीच घेऊन निघाले. पोळ्याला बाईमाणूस बैल धरून वेशीत आलेलं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. पोरं हसली, म्हातारे खाकरले. मी कुणाकडं बघितलं नाही. वेशीपासून वाट चांगली रुंद, गाडी फिरेल एवढी. तरी कबरा वाटेच्या पार डाव्या कडेनं चालला होता, काट्याकुपाट्याला अंग घासत. मी दावं ओढून त्याला मधी घ्यायची, दोन पावलांनी तो पुन्हा कडेला. मला वाटलं, बिचकला असेल. मग लक्षात आलं. तो तांबड्यासाठी उजवीकडं जागा सोडून चालला होता.

मला तिथंच रडू फुटलं. भर गावात, सगळ्यांसमोर.

पारावर आबा बसले होते. बैल नाही म्हणून मिरवणुकीत आले नव्हते. त्यांनी कबऱ्याची चाल पाहिली आणि दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडली नाही, त्यांना समजलं. ते उठले, डोक्याचं पागोटं नीट केलं आणि कबऱ्याच्या उजवीकडं येऊन चालू लागले. त्याच्या वशिंडावर हात ठेवून, दारापर्यंत. वाटेत मारुतीच्या देवळाशी मी नेहमीसारखी बाहेर थांबले, आबांनी त्याला फिरवून आणलं आणि दावं पुन्हा माझ्या हातात दिलं. दारात आक्का तांब्या घेऊन उभीच होती.

चार दिवसांत निरोप आला, लग्न चर्चमध्ये नाही. ते ऐकून आबा आमच्या दारात आले आणि मालकांना म्हणाले, “प्रार्थना तुमची, शास्तर तुमचं, समदं तुमचं. मांडव फकस्त माझ्या दारात पडंल.” भावकी पुन्हा बोलली. आबांनी त्यांना तेच जुनं उत्तर दिलं.

आष्टीची माणसं आली. सोयरीक मोडली नाही. गेवराईकडं राहणारे एक म्हातारे निवृत्त पाळक एसटीनं आले आणि त्यांनी लग्न लावलं. प्रार्थनेच्या वेळी आबांची सगळी भावकी टोप्या काढून बसली होती, काय करायचं ते ठाऊक नसल्यानं आमच्याकडं बघत. आक्कानं कबऱ्याला मांडवाच्या डाव्या खांबाला बांधलं होतं. उजव्या खांबाला कुणी काही बांधू दिलं नाही तिनं.

पाळकसाहेबांनी नंतर कळवलं की सर्वांसमोर माफी मागा, मग मंडळीत या. मी तेव्हापासून एक रविवार चुकवलेला नाही. पूर्वी मागं बायकांत बसायची, आता पहिल्या ओळीत बसते, बोलणाऱ्याच्या अगदी समोर. ते पाळकसाहेब बदलून गेले, त्यांच्यानंतरचेही गेले. माफी मी अजून मागितलेली नाही.