परकरातली बाटली

सूर्याशी वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो चंदीगडला आमच्या डोक्यावर राहत होता. वरच्या मजल्यावरचे हे शेजारी मूळचे सांगलीचे, सरकारी प्रयोगशाळेत रसायनांचे जाणकार आणि रविवारी फक्त बिअरचे. बिअरला ऊन लागलं की ओल्या मांजराचा वास येतो, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. हिरव्या बाटलीला ते शिवत नसत. हिरवी काच म्हणजे त्यांच्या लेखी पहाऱ्यावर झोपलेला शिपाई. तपकिरी त्यातल्या त्यात बरी, पण तिच्यावरही विसंबायचं नाही, म्हणून बाटलीला बायकोचा जुना काळा परकर घालून नाडी आवळायची. प्यायची तीही पडदे ओढून, स्टीलच्या पेल्यातून. सोबतीला तळमजल्यावरचे सरदारजी असत. बाहेर एवढं छान ऊन आणि हा मला भुयारात बसवतो, अशी तक्रार ते दर रविवारी करत, आणि दर रविवारी येत.

दिवस वाईट होते, पंजाबातल्या दहशतवादाचे. चौकाचौकात वाळूची पोती, नाके, झडत्या. सरदारजींच्या मुलीनं घाबरून त्यांना कॅनडाला बोलावून घेतलं. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी ते निघणार होते. निरोपाची बाटली निर्दोष हवी म्हणून वरच्यांनी सकाळीच चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या फौजी भाच्याकडून एक तपकिरी मिळवली. मी स्कूटर चालवत होतो, ते मागे, मांडीवर परकर.

नाक्यावर हवालदारानं गाठोडं उघडायला सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "खोलेंगे जी, लेकिन छाँव में."

त्या दिवसांत काळ्या कापडातल्या वस्तूबद्दल असं बोलायचं नसतं. हवालदार दहा पावलं मागे सरला, दोन बंदुका आमच्याकडे वळल्या आणि माझी पाचावर धारण बसली. खाली ठेवा म्हटल्यावर यांनी बाटली स्कूटरच्या सावलीत ठेवली, मग हात वर केले, आणि त्याच अवस्थेत उन्हाचे दुष्परिणाम समजावून सांगितले. शेवटी हवालदारानं परकर तंबूत नेला. बाहेर आला तेव्हा नाडी पुन्हा बांधलेली होती.

"ले जाओ जी," तो म्हणाला. "धूप नहीं लगने दी."

घरी पोचलो तर सरदारजी हिरवळीवर, बांधलेल्या ट्रंकांशेजारी, खाटेवर बसलेले. वर चला म्हटलं तर हलेनात.

"आज धूप में बैठ, यार. फिर पता नहीं."

वरच्यांनी एकदा मान वर करून सूर्याकडे पाहिलं. मग नाडी सोडली, माझ्याकडून काचेचे ग्लास मागवले आणि भर उन्हात बिअर ओतली. ओतली खरी, पण दोघं बोलतच बसले. टॅक्सी आली तेव्हा ग्लास तसेच भरलेले होते. दोघांनी ते एका दमात संपवले.

संध्याकाळी जिन्यात मी त्यांना छेडलं, वास आला का हो?

"आला ना," ते म्हणाले. "येऊ दे."

त्यानंतर रविवारी त्यांचे पडदे कधी ओढलेले दिसले नाहीत. घरभर लख्ख ऊन असायचं, आणि मला ते बघून फार वाईट वाटायचं.