डबा सीलबंद होता

माझ्या थोरल्या नणंदेला हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सगळे 'क्रेन' म्हणतात. ओल्या चादरींचं जे गाठोडं उचलायला दोन बायका लागतात, ते ही एकटी मशिनमधून ओढून ट्रॉलीवर टाकते. सुपरवायझरने ते नाव चिडवायला ठेवलं होतं. ताईंनी ते मुकाट्याने घेतलं आणि मिरवलं.

त्या या वाटेला लागल्या कंबरेमुळे. चाळिशीत कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, "पाठीत ताकद आणा, नाहीतर हे काम सोडा." काम सोडणं परवडणारं नव्हतं. ताई घराजवळच्या तळघरातल्या जिममध्ये नाव घालून आल्या. वर्षभरात कंबर ताळ्यावर आली आणि वर एक शोधही लागला. जमिनीवरून वजन उचलण्यात, ज्याला डेडलिफ्ट म्हणतात त्यात, ताईंचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या एकशे तीस किलो उचलत होत्या.

लोक सुटीला झोपा काढतात, नातेवाइकांकडे जातात. ताईंची मौज एवढीच. सकाळी उकडलेली अंडी, दुपारच्या डब्यात मोड आलेली कडधान्यं आणि दही, कामावरून सुटल्यावर दोन केळी. खाल्लेला घासन् घास त्या एका वहीत लिहायच्या. मी थट्टा करायचे, "ताई, प्यायलेलं पाणीही लिहिता का?" "लिहिते," म्हणायच्या. खरंच लिहायच्या.

जिमच्या ट्रेनरला सगळे 'सर' म्हणत. त्याने एक दिवस ताईंपुढे प्रोटीन पावडरचा डबा ठेवला. "मॅडम, या वयात नुसत्या अंड्यांवर भागत नाही. माझ्या मेव्हण्याची कंपनी आहे. घरचाच माल समजा."

ताईंनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. खटकण्यासारखं काही नव्हतं. त्या रोज एक चमचा घेऊ लागल्या.

पुढे हौशी खेळाडूंची स्पर्धा झाली. पंचेचाळीस वर्षांवरच्या गटात ताई पहिल्या आल्या. सरांनी त्यांचा मोठा फोटो जिमच्या भिंतीवर लावला, खाली स्वतःचं नाव घातलं. स्पर्धेनंतर लघवीचा नमुना घेतला होता. तो सगळ्यांचाच घेतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. सहा आठवड्यांनी पत्र आलं. नमुन्यात स्नायू वाढवणारं बंदी घातलेलं औषध सापडलं होतं. पदक परत करा, दोन वर्षं स्पर्धेत उतरायचं नाही.

ताई पत्र घेऊन सरळ जिममध्ये गेल्या. सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "मॅडम, तुम्ही घरी काय खाता ते मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा फोटो गेला होता.

धुलाई विभागात ही बातमी ताईंच्या आधी पोचली. सुपरवायझर म्हणाला, "तरीच म्हटलं, बाईमाणसात एवढी ताकद कुठून येते." सहा वर्षं ज्यांच्या वाटणीची गाठोडी उचलली, त्यांतल्या दोघी हसल्या. घरी येऊन ताईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. त्या कणीक मळत होत्या, आणि ते मळणं मला बघवेना. माझा नवरा, म्हणजे त्यांचा भाऊ, समजुतीने म्हणाला, "जाऊ दे ना ताई. तुला काय ऑलिंपिकला जायचंय?"

"मी चोर नाही," ताई म्हणाल्या. "कुठे जायचंय त्याचा इथे काय संबंध?"

ताईंनी त्या पत्राविरुद्ध दाद मागितली. चौकशीला मी बरोबर गेले. लांब टेबलामागे तीन माणसं बसली होती. ताईंनी पुढ्यात सहा वर्षांच्या वह्या ठेवल्या, आणि पावडरचे दोन डबे. एक अर्धा संपलेला, दुसरा न फोडलेला. दोन्हींवर एकच बॅच नंबर.

मधला म्हणाला, "घेण्याआधी तुम्ही हे तपासून घ्यायला हवं होतं."

"तुमच्यापुढे चहा आहे. तो तपासून घेतलात?"

त्याने कप बाजूला सरकवला. डाव्या हाताच्या बाईंनी मात्र वही उघडली आणि त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. सीलबंद डबा त्यांनीच प्रयोगशाळेत पाठवायला लावला. तेच औषध त्यातही निघालं.

निकाल आला. हेतू नव्हता हे मान्य, म्हणून बंदी सहा महिन्यांवर. पण शरीरात जे जातं त्याची जबाबदारी खेळाडूचीच, म्हणून पदक परत मिळणार नाही. ताईंनी पत्र दोनदा वाचलं. "नियम आहे, ठीक आहे. मला लागू केला. आता ज्याने कालवलं त्याला कुठला नियम लागतो ते दाखवा." ते कुठल्याच पत्रात नव्हतं.

संध्याकाळी जिम भरलेली असते. ताई नेमक्या त्या वेळी गेल्या. मीही पाठोपाठ गेले, कारण मला त्यांची भीती वाटत होती. सर लगबगीने पुढे आले. "मॅडम, आपण आत बसून बोलू."

"इथेच बोलू."

ताईंनी बाकावर एक पेला ठेवला, त्यात पाणी ओतलं, अर्ध्या डब्यातली चमचाभर पावडर घालून ढवळली. आवाज चढवला नाही. "सर, प्या. घरचाच माल आहे."

वजनांचे आवाज एकेक करत थांबले. सर हसले, घड्याळाकडे बघितलं, म्हणाले, "आत्ता माझं पोट भरलंय."

ताईंनी प्रयोगशाळेचा कागद वाचून दाखवला. चाळीस माणसं ऐकत होती. मागून एका शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं, "मी चार महिने हाच डबा घेतेय. माझी पाळी बिघडलीय. सर, मी काय पीत होते?"

सरांनी पेल्याला हात लावला नाही. बायका आधी बाहेर पडल्या, मग पुरुष.

महिन्याभरात ती जिम बंद पडली. लोकांनी ताईंचं कौतुक केलं, मला वाटलं राग निवेल. पण दुसऱ्या पेठेत सरांनी नवी जिम उघडली. पावडर तीच, डब्याचा रंग तेवढा वेगळा. ताईंनी अन्न तपासणीच्या कचेरीत तक्रार दिली. तिथला कारकून प्रत्येक वेळी म्हणतो, "प्रकरण विचाराधीन आहे." ताई विचारतात, "विचार कोण करतंय? त्याचं टेबल दाखवा."

बंदी संपल्यावर त्या पुन्हा स्पर्धेला उतरल्या. सहा महिने नीट सराव झाला नव्हता. चौथ्या आल्या. आयोजकांपैकी एकाने खांदा थोपटला, "छान. या वेळी स्वच्छ होऊन आलात."

ताईंनी त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला. "मी मळले कधी होते?"

परतताना बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, आता तरी सोडा. रक्तदाब वाढेल."

"परवा मोजलाय. उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी कचेरीत जायचंय. ती शिक्षिका येतेय. तू येशील?"

मी हो म्हटलं.