शाळेमागचा हौद

आधी आवाज आला. चप, चप, चप. जनावर तोंड मिटतं-उघडतं आणि ओठ सुटे होतात, तसा. गुरांच्या डॉक्टरला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. मी लसीची पेटी जीपच्या सावलीत ठेवली आणि शाळेच्या मागे गेले.

शिंगं रंगवलेला, झूल घातलेला एक देखणा लालकंधारी बैल हौदात तोंड घालून उभा होता. पीत नव्हता. तोंडाची आग होते तेव्हा जनावर गारव्यासाठी असं उभं राहतं. त्यानं मान वर केली तशी ओठांपासून पाण्यापर्यंत लाळेची तार लोंबली. त्याच हौदाच्या दुसऱ्या अंगाला गावच्या म्हशी, गाई, वासरं पाणी पीत होती. मार्चचं ऊन होतं आणि लसीकरण शिबिराचे प्रमुख पाहुणे अजून आले नव्हते.

"बैल कुणाचा?"

"आपलाच," सरपंच म्हणाले. "गेल्या बाजारात घेतला. कालपासून चारा नाय खात. म्हणलं, डॉक्टरीणबाई दारात येऊ लागल्यात, तर चला. टोचून घ्यावं."

त्या माणसावर मी कधीच चिडू शकले नाही. गावात सुई म्हणजे औषध. आजारी जनावर डॉक्टरकडे न्यायचं, एवढं साधं गणित त्यानं केलं होतं. लस आजारी जनावरासाठी नसते, निरोगी जनावरासाठी असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मंडप कुठे घालायचा ते मात्र सांगितलं होतं.

लाळ्या-खुरकूत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात. मोठं जनावर सहसा मरत नाही, पण दूध आटतं, बैल लंगडतो, पेरणी बुडते. लहान वासरांच्या मात्र काळजावरच घाला येतो. सकाळी उड्या मारणारं वासरू दुपारी आडवं होतं. रोग लाळेतून पसरतो. लस टोचली म्हणजे त्याच दिवशी कवच चढत नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर टोचलेलं जनावर न टोचलेल्याइतकंच उघडं असतं.

करमाडच्या पलीकडचं हे गाव. नाव सांगत नाही. तिथं कुणी लस टोचून घेत नसे, कारण टोचल्यावर दोन-चार दिवस दूध कमी येतं. खरंच येतं. आणि गावचं सगळं दूध गोळा करून शहरात नेणारे युनूसचाचा यावर ठाम होते. त्यांच्या स्वतःच्या चार म्हशी होत्या. मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन लावून ते पहाटे निघायचे. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"देखो मॅडम," पहिल्या भेटीत ते म्हणाले, "म्हैस दोन दिस दूध चोरती, तेवढ्यात माझं गिऱ्हाईक पिशवीच्या दुधावर जातंय. मग परत येत नाय. तुमची सुई तुमच्यापाशी राहू द्या."

मी वर्षभर त्या गावाच्या मागे लागले. कुणाची म्हैस अडली, मी गेले. कुणाच्या शेळीला फुगारा झाला, मी गेले. प्रत्येक वेळी निघताना चाचांच्या ओट्यावर चहा आणि तोच वाद. शेवटी एकदा त्यांची म्हैस रात्रभर अडलेली, पहाटे मी रेडकू सोडवलं. मी कोपरापर्यंत हात धूत होते, तेव्हा ते म्हणाले, "टोचा. मी सांगतो गावाला. पण घरी येऊन टोचा. आमची गुरं चौकात बांधायची नाय."

माझं तेच म्हणणं होतं. गोठ्यात जायचं, प्रत्येक जनावराला नवी सुई, एका घरातून निघताना बूट सोड्याच्या पाण्यात बुडवायचे, मग पुढचं घर. मी आनंदानं जिल्ह्याला कळवलं. तीच चूक झाली म्हणायची. इतक्या वर्षांनी तयार झालेलं गाव जिल्ह्याच्या आमच्या साहेबांना फार आवडलं.

"मोठं शिबिर घेऊ," ते म्हणाले. "मंडप, माईक, पाहुणे."

"साहेब, गुरं एका जागी आणायची नसतात. जालना रोडच्या पट्ट्यात साथ चालू आहे."

"चालू आहे म्हणूनच तर लस देतोय ना."

"म्हणूनच घरोघर द्यायची."

"मॅडम, घरोघर टोचल्यावर दिसतं काय? एक बाई, एक पेटी, एक म्हैस. पाहुण्यांना काय दाखवू?"

एवढ्यावर विषय संपला. चाचांना गुरं मैदानात आणायला सरपंचांनी राजी केलं. पाहुणे येतायत, गावाला रस्ता मिळेल, असं काहीतरी सांगितलं. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही हायत ना तिथं? मग झालं."

तर त्या दिवशी मी बैल बघितला आणि साहेबांना मंडपाच्या कडेला गाठलं.

"शिबिर थांबवा. बैलाला लागण आहे. सगळी गुरं एका हौदावर प्यालीत."

त्यांनी बैलाकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतः गुरांचे डॉक्टर होते, बघितलं असतं तर कळलंच असतं. "पाहुणे शहरातला क्रांती चौक सोडून निघालेत. बैल मंडपामागे बांधा. अन् माईकवर काही बोलू नका, लोक घाबरतील."

माईक त्यांच्याच हातात होता. मी प्रत्येक दावणीशी जाऊन सांगत सुटले, हौदावर नेऊ नका, घरी नेऊन वेगळं बांधा. पण आणलेलं जनावर न टोचता कोण नेणार, आणि उन्हात तहानलेलं जनावर कोण आवरणार? दुपार कलल्यावर पाहुणे आले. त्यांच्या हातात रिकामी सिरिंज दिली. चाचांची सगळ्यात दुभती म्हैस हार घालून पुढे आणली. चाचा दोर धरून उभे, फोटो निघाला. गाड्या गेल्या. मग मी टोचायला बसले. प्रत्येकाला नवी सुई, अगदी पुस्तकात असते तशी. उपयोग नाही हे माहीत असताना.

आठवडा उलटायच्या आत फोन सुरू झाले. घरोघरी तोच चपचप आवाज. मी पोटॅशच्या पाण्यानं तोंडं धुतली, जिभांना बोरिक-ग्लिसरीन लावलं, खुरांतले किडे काढले. वासरं एकामागून एक गेली. ज्या रेडकाला मी ओढून जगात आणलं होतं, ते चाचांच्या दारात पाय झाडत गेलं. मी तिथंच बसून रडले. नोकरीत इतक्यांदा जनावर मरताना पाहिलं, रडले त्याच वेळी.

गाव एकच गोष्ट म्हणत होतं: टोचलं अन् रोग आला. आधी टोचणी, मग रोग. क्रम तर तसाच होता. साहेबांनी वर कळवलं की साथ आधीपासून होती, वेळीच शिबिर घेतल्यानं नुकसान मर्यादित राहिलं. तो फोटो जिल्ह्याच्या कार्यालयात काच लावून टांगला. हार घातलेली म्हैस, हसरे पाहुणे, दोर धरलेले चाचा. साहेबांची बढती झाली. मला संताप येतो, अजूनही येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

पुढच्या फेरीला मी पेटी घेऊन एकटीच गेले. चाचांच्या भिंतीशी दुधाचे कॅन पालथे पडले होते. गिऱ्हाईक तुटलं, म्हशी विकल्या, ते शेंद्र्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागले होते. एक म्हैस घरच्यापुरती ठेवली होती. चहा मात्र आला.

"मॅडम, खरं सांगा. लसीनं झालं का?"

"नाही चाचा."

"मग?"

"गुरं एका जागी आली, एका हौदावर प्याली. त्यानं झालं."

"एका जागी कुणी आणली?"

"आम्ही."

"कशापायी?"

"लस टोचायला."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मग गावचे लोक काय चुकीचं बोलतात, मॅडम?"

एवढं बोलून त्यांनी उठून म्हशीचं दावं सोडलं आणि तिला मागच्या गोठ्यात नेलं. दार लावून घेतलं. मग परत येऊन बसले आणि म्हणाले, "चहा घ्या. थंड होऊ लागला."

मी निवृत्त होईपर्यंत त्या गावात एकही लस टोचली गेली नाही. रोग आला की बोलावायचे, मी जायचे. तेव्हा पेटीचा काही उपयोग नसायचा, म्हणून पेटी न्यायचंही मी सोडून दिलं.

नवीन डॉक्टर भेटले की मी त्यांना एवढंच सांगते. लस गोठ्यात जाऊन टोचा. गर्दी दाखवायचीच असेल तर माणसांची दाखवा, त्यांना लाळ्या-खुरकूत होत नाही.