दोनदा मेलेला म्हातारा

माणूस कशानं मेला हे विचारत गावोगाव फिरायचं, अशीही नोकरी असते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "नर्स झालीस ना? मग जित्यांचं बघ की," म्हणायची. तिचं काही खोटं नव्हतं. पण लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झालेला. ऑफिसात खुर्च्या कमी आणि फॉर्म जास्त, आणि त्या फॉर्मवरच्या जुन्या जिल्ह्याच्या नावावर काट मारून वर शाईनं 'लातूर' लिहायचं कामही आमच्याच गळ्यात. मी नांदेडची. रेणापूरच्या बाजूची सहा गावं माझ्या वाट्याला आली. लसी टोचा, बाळंतपणं करा, आणि मयत झाली की त्या घरी जाऊन विचारा: ताप होता का, किती दिवस, खोकला, जुलाब, छातीत दुखलं का.

ट्रेनिंगला आलेले मोठे साहेब म्हणाले होते, "तुमचा कागद इथून मुंबईला, तिथून दिल्लीला आणि शेवटी जगाच्या बेरजेत जातो. जगात माणसं कशानं मरतात, ते तुमच्यामुळं कळतं." मागच्या बाकावर आम्ही चौघी तोंडाला पदर लावून हसत होतो. आमची एसटी लातूरहून रेणापूरला वेळेवर पोचत नव्हती, आणि कागद म्हणे जगात पोचणार!

तेही फॉर्म सुखासुखी भरत नसत. "कशानं गेले?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "वरून बोलावणं आलं." अहो, बोलावणं आलं ते कळलं, पण त्याच्या आधी ताप आला होता का? मग चहा यायचा. मेलेल्याचं लग्न, बांधावरची भांडणं, आवडता बैल, सगळं ऐकून झालं की शेवटी कुठं जुलाब निघायचे. तारीख तर कुणालाच ठाऊक नसायची. कुणी म्हणायचं बाजाराच्या आदल्या दिवशी, कुणी म्हणायचं ज्वारी काढून झाल्यावर. मी बोटं मोजत मोजत बरोबर तारखेला पोचायची आणि स्वतःवरच खूश व्हायची.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एका गावच्या एकाच गल्लीत तीन मयती झाल्या. एका शेतकऱ्याच्या घरी मुलाचं लग्न झालं. त्या शेतकऱ्याचे म्हातारे चुलते, तात्या, आजारी होते म्हणून त्यांच्या लेकीनं त्यांना लग्नाआधीच आपल्या गावी नेलं होतं. लग्नानंतर पाचव्या दिवशी ते गेल्याचं गावात कळलं. पंधरवड्यात नवरदेवाची आई गेली, मग शेजारचं दोन वर्षांचं लेकरू. गावाला कारण शोधायला फॉर्म लागला नाही. नव्या सुनेचा पायगुण, बस्स! पोरगी माप ओलांडून आत आली अन् माणसं बाहेर गेली, असं बायका आडावर बोलून राहिल्या होत्या. घरातलं कुणी तिच्या हातचं पाणी घेईना.

मी गेले तेव्हा ती तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाई, तुम्ही घेता का माझ्या हातचं?"

मला गावाचा असा राग आला म्हणता! पण विचारलं, "उकळलंय का?"

"न्हाई."

"मग नाही घेत. तुझ्यामुळं नाही गं, पाण्यामुळं. उकळून गार कर, मग घटाघटा पिते."

ती पहिल्यांदा जरा हसली. मग सांगायला लागली. पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊ न्यायला येणार होता, कायमचं. पत्र्याची पेटी भरून कोपऱ्यात ठेवलेली. "माहेरी दोन बहिणी लग्नाच्या हाईत, बाई. मी असं नाव घेऊन गेले, तर त्यांनाबी कोण करतंय?"

आडाचा तळ उघडा पडला होता. बायका खाली उतरून गढूळ पाणी वाटीवाटीनं भरत होत्या. माझ्या तिन्ही फॉर्मवर आजार एकच: जुलाब, उलट्या, थोड्याच दिवसांत खेळ खलास. तिच्या सासऱ्यांना मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आड काय आजचा हाय व्हय, बाई? आजवर कुणी न्हाई मेलं. ही आली अन् सुरू झालं." तारखा त्यांच्याच बाजूनं होत्या. मी फॉर्म पिशवीत कोंबले आणि उठले.

मग रेणापूरला महिन्याची मीटिंग झाली. साहेबांनी दोन फॉर्म टेबलावर आपटले. "तुमच्या भागात माणसं दोनदा मरतात का हो?" बघते तर दोन्ही फॉर्म त्याच चुलत्यांचे! एक माझा, लग्नानंतर पाचव्या दिवसाचा. दुसरा त्यांच्या लेकीच्या गावच्या नर्सनं भरलेला, लग्नाच्या दोन दिवस आधीचा. सगळे खो-खो हसले. मी त्या नर्सवर डाफरले, "तुझंच चुकलंय." ती शांतपणे म्हणाली, "बाई गं, मी मयतीला स्वतः हजर होते."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. भावकीतलं माणूस परगावी गेलं, तर आमच्याकडं सुतक ऐकल्या दिवसापासून धरतात. मांडव पडलाय, हळद दळून झालीय, अशात खबर आली तर घरचा कर्ता ती पोटात ठेवतो आणि मांडव उतरला की सांगतो. पुढं सगळा गाव त्या दिवसापासूनच मयत धरतो. मला मिळाली होती ती मरणाची तारीख नव्हतीच, ऐकल्याची होती! आणि मी शहाणी, बोटं मोजून तीच लिहून आले होते. म्हणजे त्या पोरीवर आळ घेणाऱ्यांत माझाही कागद होता. लाज वाटली मला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच दोन्ही फॉर्म घेऊन पोरीच्या सासऱ्यांच्या ओसरीवर गेले. भावकीतले चौघे बसलेले, पोरीचा भाऊ येऊन टेकलेला, पेटी दारात.

"मामा," मी सासऱ्यांना म्हटलं, "एक फॉर्म चुकलाय. तुमचे चुलते कधी गेले?"

"सांगितलं न्हवं?"

"ऐकलं कधी, ते सांगितलंत. गेले कधी?"

मामांची नजर दारातल्या पेटीवर गेली. दुसरा फॉर्म माझ्या पिशवीत होता. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, पण त्या दिवशी मी तोंड गच्च मिटून बसले. भावकीसमोर ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

"हळदीच्या आदल्या दिवशी खबर आली," शेवटी ते म्हणाले. "मी दाबली. सुतकात लग्न लावलं मी."

"आरं देवा!" भावकीतला एकजण ओरडला.

"पोरगी दारात यायच्या आधीच गेलते तात्या. तिचा काय दोष? त्यो आडच वाईट हाय. लिहा, बाई."

मी माझ्या फॉर्मवर आडवी काट मारली. जगाच्या बेरजेतून एक मरण कमी झालं, त्याची जगाला खबरही नसेल.

मामांनी आत बघून हाक मारली, "सूनबाई, पाणी आण."

ती तांब्या घेऊन आली. माझी खोड कुठं जाते? "उकळलंय का?"

"दोनदा, बाई."

मामांनी तोंड न काढता सगळा तांब्या संपवला, मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला.

"अजून आण."